दोन तारा, एक पाइप आणि करमाड ते शहर थेट संपर्क! हॅम रेडिओचा अँटेना घरी कसा बनतो?

वादळी पावसात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइल असून नसल्यासारखा. अशा वेळी कामी येतो हॅम, म्हणजेच हौशी रेडिओ. १९९३ चा किल्लारी भूकंप असो की २००४ च्या त्सुनामीत अंदमान, निरोप पोहोचवायला हॅम मंडळी पुढे आली होती. मग करमाडसारख्या गावात ही सोय आधीच का असू नये?

खर्च किती?
रेडिओ विकत घ्यावा लागतो, पण अँटेना इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या सामानात होतो: तांब्याची तार, पीव्हीसी पाइप आणि कोॲक्सियल केबल.

माप कसे काढायचे?
१४३ ला फ्रिक्वेन्सीने भागा. १४५ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते सुमारे ९८ सेंटिमीटर. म्हणजे ४९ सेंटिमीटरचे दोन तुकडे. पाइपवर एक वर, एक खाली बसवा. मध्ये थोडी फट ठेवा. केबलची मधली तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला जोडा. झाला डायपोल! तार आधी थोडी जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर पाहत छाटत जा. कापलेली तार पुन्हा वाढत नाही.

खरी कमाल उंचीची
या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर हातातले दोन सेट साधारण १० किलोमीटरपर्यंतच एकमेकांना 'दिसतात'. दोन्हीकडचे अँटेना ९ मीटरवर नेले तर हेच अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जाते. करमाड ते छत्रपती संभाजीनगर अंतर सुमारे २० किलोमीटर. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत आडवी आली नाही, तर गच्चीवरचा पाइप पुरतो.

हे विसरू नका
परवान्याशिवाय बोलणे गुन्हा आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोड लागत नाही. अँटेना विजेच्या तारांपासून लांब लावा आणि आभाळ गडगडू लागण्याआधीच केबल काढून ठेवा.

आमचे मत
विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखीच का? शाळेने एक अँटेना उभारावा, चार विद्यार्थी आणि एका शिक्षकाने परवाना काढावा, ग्रामपंचायतीने बॅटरीची सोय करावी. आपत्ती आल्यावर परीक्षा देता येत नाही आणि पाइपही उभारता येत नाही. ही तयारी आभाळ निरभ्र असतानाच करायची असते.