आधी नळाला पाणी द्या, मग हात धुण्याचा धडा!

जून महिन्यात शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पावसालाही सुरुवात होते. नवे दप्तर घेऊन शाळेत गेलेले पोर पंधरा दिवसांत जुलाब-उलट्यांनी नाहीतर तापाने अंथरूण धरते. नाशिकच्या फुलेनगर, गंजमाळसारख्या वस्त्यांतील मायबापांना हे नवे नाही. पोर आजारी पडले की आईची मजुरी बुडते, डॉक्टरची फी जाते आणि पोराची शाळाही बुडते. वर्षातून चार-सहा वेळा असे झाले की ते पोर अभ्यासात मागे पडते. मग आम्हालाच ऐकवले जाते, "या वस्तीतल्या पोरांना शिक्षणाची आवडच नाही!"

मध्यंतरी आम्ही एका शाळेत गेलो होतो. भिंतीवर हात कसे धुवावेत याचे मोठे रंगीत चित्र होते. चित्राखाली चार नळ होते आणि चारही कोरडे होते. साबणाबद्दल विचारले, तर तो कपाटात कुलूपबंद असल्याचे कळले. बाहेर ठेवला तर पोरे पळवतात म्हणे! घंटा झाली आणि मुले तशाच हातांनी खिचडी खायला बसली. वरच्या वर्गातील एका मुलीला आम्ही विचारले, "बाळ, तू पाण्याची बाटली का आणत नाहीस?" मान खाली घालून ती म्हणाली, "पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं." यावर आम्ही काय बोलणार?

रोगजंतू जात पाहत नाहीत, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. जंतू जात पाहत नसतील, पण नळ कोणाच्या वस्तीत येणार, संडास कोणाच्या शाळेत चालू राहणार, हे ठरवणारी व्यवस्था जातही पाहते आणि गरिबीही पाहते. २०२२च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवराची साथ आली. ती गोवंडीत, भिवंडीत आणि आमच्याच जिल्ह्यातील मालेगावात पसरली. दाटीवाटीची घरे, अपुरे पोषण आणि लसीकरणात राहिलेली मुले जिथे होती, तिथेच तिने मुक्काम केला. हा योगायोग नव्हे.

बाबासाहेबांनी स्वच्छतेचे महत्त्व आम्हाला सांगितले नाही काय? जरूर सांगितले. डिसेंबर १९२७मध्ये महाडला जमलेल्या आपल्या माताभगिनींना त्यांनी स्वच्छ राहण्याचा आणि मुलामुलींना शिकवण्याचा उपदेश केला. परंतु त्याच वर्षी २० मार्चला त्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी पाण्याचा हक्कही बजावला होता, हे विसरता कामा नये. शाळेत नळाला हात लावण्याची मनाई आणि शिपाई नसला तर दिवसभर तहान, हे त्यांनी लहानपणी साताऱ्यात सोसले होते. म्हणून त्यांनी स्वच्छतेचा उपदेश आणि पाण्याचा लढा एकमेकांपासून कधी तोडले नाहीत. आजचे सरकार उपदेश तेवढा करते आणि पाणी विसरते.

कायदा आमच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत पुरेसे, सुरक्षित पिण्याचे पाणी आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे स्पष्ट लिहिले आहे. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना या सोयी सहा महिन्यांत पुरवण्याचा आदेश दिला. ते सहा महिने संपून किती वर्षे लोटली? २०२०मध्ये कोरोना आला तेव्हा साऱ्या देशाला हात धुण्याचा धडा दिला गेला. मग आमच्या पोरांच्या शाळेतला नळ कोरडा कसा? २०२६-२७च्या सिंहस्थासाठी याच नाशकात हजारो कोटींची कामे निघतात. भाविकांच्या स्नानासाठी घाट होतात, मग पोरांचे हात धुवायला नळ का होत नाही? याच नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्खूंसाठी लेणे कोरले तेव्हा पाण्याच्या पोढीही कोरल्या, असे त्यात नोंदवले आहे. निवारा द्यायचा तर पाणीही द्यायचे, एवढी समज तेव्हाच्या दात्यांना होती!

आणखी एक इशारा. स्वच्छतेच्या नावाखाली आमच्या मुलांच्या हाती संडास घासायचा झाडू दिला गेला, तर ते खपवून घेतले जाणार नाही. डिसेंबर २०२३मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात एका निवासी शाळेच्या दलित विद्यार्थ्यांना मैल्याच्या टाकीत उतरवल्याचे उघड झाले आणि मुख्याध्यापकांना अटक झाली. आपापला वर्ग सर्वांनी मिळून झाडणे वेगळे आणि जात पाहून घाण उपसायला लावणे वेगळे. दुसरा प्रकार गुन्हा आहे.

परंतु नुसता सरकारला दोष देऊन आमची जबाबदारी संपत नाही. जेवणापूर्वी आणि संडासहून आल्यावर साबणाने निदान वीस सेकंद, बोटांच्या फटी आणि नखांसकट हात धुण्याची सवय घरातूनच लागली पाहिजे. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतून हात धुवावेत. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळू नयेत. पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. जुलाब लागले तर पाणी बंद करू नये. जलसंजीवनी द्यावी आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान चुकवू नये. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी पोराने घेतली की नाही, हे विचारावे. अंगारेधुपारे आणि गंडेदोरे यांत वेळ घालवणे धम्माच्या उपासकाला शोभत नाही.

यापुढचे काम संघटनेचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतील किती माता आहेत? नसतील तर त्यांना तिथे पाठवा. किती नळ चालू आहेत, किती स्वच्छतागृहांना कुलूप आहे, साबणासाठी किती पैसा आला, हे माहिती अधिकारात लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानंतर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली शहरात महापालिकेकडे, खेड्यात जिल्हा परिषदेकडे तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत लावणे बंधनकारक आहे. प्रत्येक बुद्धविहारात कायदा जाणणाऱ्या एका तरी तरुणाने हे अर्ज लिहून द्यायला बसावे. आम्ही वकील मंडळींनी यासाठी फी घेऊ नये.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३मध्येच मंजूर झाला होता. पण माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली नाहीत, तोवर तो कागदावरच राहिला. शिक्षण हक्क कायद्यातले पाणीही आज असेच कागदावर आहे. ज्या नाशिकने २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिरापुढे वर्षानुवर्षे सत्याग्रह चालवला, त्या नाशिकला शाळेच्या नळापर्यंत चालत जाणे अवघड आहे काय? या महिन्यात प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन नळ स्वतःच्या हाताने उघडून पाहावा. पाणी आले तर उत्तम. न आले तर त्याच दिवशी अर्ज लिहावा. जय भीम!