चूक झाकू नका, शोधा

बचत गटाचा किंवा भिशीचा हिशेब वहीऐवजी संगणकावर एक्सेलमध्ये ठेवणारी मुले-मुली आता आपल्या घरोघरी आहेत. मध्येच एखाद्या चौकटीत इंग्रजी अक्षरे उमटली की ती गडबडून जातात. घाबरण्याचे कारण नाही. चूक कोणती, तेच संगणक सांगत असतो.

‘डिव्ह झिरो’ म्हणजे शून्याने किंवा रिकाम्या चौकटीने भागले गेले. ‘व्हॅल्यू’ म्हणजे बहुधा आकड्याच्या जागी अक्षरे आली. ‘नेम’ म्हणजे फॉर्म्युल्याचे नाव चुकले. ‘रेफ’ म्हणजे हिशेबाला लागणारी ओळ किंवा रकाना कोणी काढून टाकला. लगेच कंट्रोल व झेड दाबून तो परत आणावा. ‘एन-ए’ म्हणजे शोधलेले नाव यादीत सापडले नाही.

पुष्कळजण ‘इफएरर’ वापरून अशा जागी शून्य आणतात. कागद स्वच्छ दिसतो, पण आम्हाला हे धोक्याचे वाटते. समजा, सभासदांच्या यादीत ‘शांताबाई’ आणि हप्त्यांच्या यादीत ‘शांता बाई’ आहे. संगणकाच्या लेखी ही दोन नावे. तेथे शून्य पडले की त्या माउलीने घाम गाळून भरलेले ५०० रुपये कागदावरून नाहीसे होतात आणि थकबाकीदार तीच ठरते. म्हणून शून्याऐवजी ‘नाव तपासा’ असे शब्द येऊ द्यावेत.

मुकी चूक याहून वाईट. चौकटीत ‘५०० रु.’ असे टाइप केले, तर ‘सम’ ते अक्षर समजून वगळतो. बेरीज कमी येते आणि कसलीही खूण दिसत नाही. विद्वानांचेही असे होते. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० सालच्या निबंधात सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देश सुटले होते. सरकारांनी खर्च कमी करावा म्हणून त्या निबंधाचा दाखला दिला जात होता. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता तपासला, तेव्हा ही चूक उघड झाली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. चौकटीत नुसता आकडा लिहा. फॉर्म्युल्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे आले का, ते पाहा. महिनाअखेर एकूण बेरीज पावतीपुस्तकाशी जुळवा आणि बैठकीत प्रत्येकीचे नाव व रक्कम मोठ्याने वाचा. आपला हप्ता किती, हे प्रत्येकीला तोंडपाठ असते.