नुसता गजर नको, सोबत निरोप हवा

घरातल्या कुणाला विसरायला होऊ लागलं की आपण लगेच घड्याळं, ॲप धुंडाळू लागतो. त्याआधी डॉक्टरांना दाखवा. बी-12 कमी पडलं, थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरू लागतो, आणि त्यावर उपचार आहेत. ते तपासून झालं की मग यंत्राचं बघा.

यंत्र घेणाऱ्यांना आणि बनवणाऱ्यांना, विशेषतः प्रोजेक्टसाठी हा विषय निवडणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना, माझं कळकळीचं सांगणं आहे: नुसता गजर वाजवू नका. तो कशासाठी वाजतोय हेच आठवत नसेल तर माणूस गोंधळतो, घाबरतो.

कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड या इंजिनिअरच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. त्यांनी नील हर्श या मानसशास्त्रज्ञाबरोबर ‘न्यूरोपेज’ तयार केलं. कमरेला लावायचा साधा पेजर. ठरल्या वेळी तो वाजायचा किंवा थरथरायचा, आणि काय करायचं ते पडद्यावर उमटायचं. वापरणाऱ्याने सांभाळायचं बटण एकच. बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 143 जणांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. 2001 मध्ये निष्कर्ष छापून आले: चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक लोकांना औषध घेणं, ठरल्या ठिकाणी वेळेवर जाणं अशी रोजची कामं पेजरमुळे कितीतरी चांगली जमू लागली. पेजर गेले, पण ती रीत आजच्या फोनवरही चालते.

तेव्हा एकच काम निवडा, रोज जे चुकतंय आणि चुकल्यानं अपाय होतोय तेवढंच. समजा, सकाळची गोळी. घरातल्या ओळखीच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करा: ‘आई, साडेआठ वाजले. निळ्या डबीतली गोळी घे आणि वर ग्लासभर पाणी पी.’ बास. घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीतच बोला. ‘विसरलीस ना परत?’ असला सूर त्यात चुकूनही नको.

शिकवताना परीक्षा घेऊ नका. ‘सांग बघू, कुठलं बटण?’ असं विचारलं की अंदाजाने चुकीचं बटण दाबलं जातं आणि नेमकी ती चूकच अंगवळणी पडते. विल्सन आणि ॲलन बॅडली यांनी 1994 मध्येच हे दाखवलं होतं. म्हणून हात धरून बरोबर बटण दाबून घ्या, रोज, त्याच जागी बसून. हाताला लागलेली सवय पुष्कळदा शाबूत राहते. म्हणूनच सुरुवात लवकर करायची. विस्मरणाचा आजार फार पुढे गेल्यावर नवी वस्तू हाती दिली तर ती परकीच वाटते.

परदेशातून आईवडिलांसाठी महागडं घड्याळ पाठवणाऱ्या मुलामुलींनो, ते रोज चार्जिंगला कोण लावणार, हे आधी ठरवा. जो माणूस जवळ राहतो त्याला विचारून घ्या, कारण भार त्याच्यावरच पडणार आहे.

आणि घरात कॅमेरा किंवा अंगावर जीपीएस लावायचा असेल तर ज्यांच्यासाठी लावताय त्यांना विचारा. निदान झालं म्हणजे त्यांचं मत संपलं असं नाही. सुरुवातीच्या काळात त्यांना पुरतं कळत असतं. तेव्हाच शांतपणे बोला, काय चालेल आणि काय नको ते लिहून ठेवा, आणि ‘नको’ म्हणाले तर ते माना.