मतपेटी मालेत, चिंता दिल्लीत!

शेजारच्या घरातला कर्ता बदलला की आपल्याशी असलेला त्या घराचा घरोबाही कमीजास्त होतो. देशांचेही असेच असते. हिंदी महासागरातला चिमुकला मालदीव हे त्याचे बोलके उदाहरण. लोकसंख्या जेमतेम पाच लाख. पण दर पाच वर्षांनी तिथली जनता राष्ट्राध्यक्ष निवडते, तेव्हा दिल्ली आणि बीजिंग या दोन्ही राजधान्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात.

अब्दुल्ला यामीन २०१३ ते २०१८ या काळात सत्तेवर होते. मालदीव चीनकडे झुकला, २०१७ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करारही झाला. २०१८ च्या निवडणुकीत इब्राहिम सोलिह जिंकले आणि 'भारत प्रथम' हे धोरण आले. सप्टेंबर २०२३ मध्ये पारडे पुन्हा फिरले. भारतीय सैनिकांना परत पाठवू, असे प्रचारात सांगणारे मोहम्मद मुइझ्झू सुमारे ५४ टक्के मते मिळवून विजयी झाले.

हे सैनिक होते तरी किती? शंभरसुद्धा नव्हते! भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टरे आणि एक डॉर्नियर विमान ते सांभाळत. दूरच्या बेटांवरील रुग्णांना इस्पितळात पोहोचवणे, हे त्यांचे एक मोठे काम. मे २०२४ पर्यंत सारे सैनिक परतले. त्यांची जागा कुणी घेतली? भारताच्याच नागरी तंत्रज्ञांनी. घोषणा पूर्ण झाली आणि रुग्णांची सोयही टिकली.

पुढे मालदीवला परकीय चलनाची चणचण भासू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीत आले. भारताने चलन अदलाबदलीच्या करारातून ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची सोय केली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला पंतप्रधान नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते.

म्हणजे निवडणूक संबंधांचा सूर बदलू शकते, नकाशा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालेत पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी धाडले. त्या वेळी सत्तेवर यामीनच होते. मैत्री एकाच नेत्याशी जोडली, तर ती त्याच्याबरोबरच सत्तेवरून पायउतार होते. ती जनतेशी जोडली, तर निकाल कोणताही लागो, परतीची वाट उघडी राहते.