जळगाव : फक्त उतरायचं स्टेशन?

पुण्यातल्या ऑफिसात कुणालाही सांगा, "मी जळगावचा." पुढचं वाक्य ठरलेलं असतं - "अरे वा, अजिंठा तुमच्याकडेच ना?" मी मान डोलावतो. आता प्रत्येकाला कुठे समजावत बसणार की लेणी जळगाव जिल्ह्यात नाहीतच! ती आहेत सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. जळगाव स्टेशनापासून साधारण ६० किलोमीटर, संभाजीनगरापासून १००. म्हणजे जवळ आम्ही, आणि लेणी त्यांची. (आमच्या पलीकडच्या भाषेत: सर्व्हर आमच्याजवळ, अ‍ॅडमिन राइट्स दुसऱ्याकडे.)

तर मंडळी, आजचा विषय पर्यटन. हल्ली कुठल्याही पुढाऱ्याचं भाषण ऐका, रोजगार म्हटला की पुढचा शब्द पर्यटन. खान्देशात कापूस पडला, केळीला भाव नाही, मग काय करायचं? पर्यटन! मला हे मंत्र म्हटल्यासारखं वाटतं. कारण पर्यटक येतो आणि पैसा गावात राहतो, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जळगावइतकं याचं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बघा ना. मुंबईहून किंवा दिल्लीहून माणूस रेल्वेने पहाटे जळगावला उतरतो. चहा पितो, गाडी ठरवतो, लेणी बघतो, आणि तिथून परस्पर संभाजीनगरला जाऊन मुक्काम करतो, कारण पुढे वेरूळ आहे. गाडी बऱ्याचदा एजंटने आधीच बुक केलेली, त्याचं कमिशन मुंबईत. जळगावच्या वाट्याला काय? चहाचे पैसे, ड्रायव्हरचा रोज आणि डिझेल. माझा मावसभाऊ स्टेशनाबाहेर दोन गाड्या चालवतो. तो म्हणतो, "भो, पाहुणा आपल्या ओट्यावर चपला काढतो आन जेवतो शेजाऱ्याकडं." इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या रिपोर्टात वाचलेली नाही.

बरं, शेजारी तरी जेवू घालून गब्बर झालाय का? लेण्यांच्या पायथ्याची गावं, म्हणजे फर्दापूर आणि लेणापूर, एकदा नीट बघा. १९८३ साली अजिंठा जागतिक वारसा यादीत गेलं. पुढे जपानच्या कर्जातून मोठा प्रकल्प आला. धुराने चित्रं खराब होतात म्हणून गाड्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबवल्या, तिथून पुढे एस.टी.ची बस. निर्णय शंभर टक्के बरोबर. ती चित्रं दीड हजार वर्षं टिकली ती आपल्या पार्किंगसाठी नव्हे. पण त्याबरोबर पायथ्याची दुकानंही टी पॉइंटला हलली. मग दुकानदार काय करणार? पर्यटक उतरला की हातात एक गारगोटी ठेवायची, "गिफ्ट आहे साहेब, येताना आपल्या दुकानात या." आपण शहरातले लोक वैतागतो, "काय मागे लागतात हे!" मीही वैतागतो. पण ज्याचं वर्षाचं पोट चार महिन्यांच्या सीझनवर आणि समोरच्या पाच मिनिटांवर अवलंबून आहे, तो मागे नाही लागणार तर कोण लागणार?

त्याच टी पॉइंटजवळ २०१३ मध्ये एक भव्य केंद्र उघडलं. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती, प्रेक्षागृह, सगळं काही. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि त्याला कुलूप लागलं. कर्ज काढून इमारत बांधता येते, तिचं महिन्याचं बिल कोण भरणार हे मात्र कुणीच लिहून ठेवत नाही. प्रोजेक्ट डिलिव्हर झाला, मेन्टेनन्सचं बजेट नाही.. आमच्या धंद्यात हे रोज होतं, पण आमच्या सॉफ्टवेअरवर निदान गावाचं पोट नसतं!

आणि २०२०. १७ मार्चला देशभरातली संरक्षित स्मारकं बंद झाली. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे काय ते पुस्तकात शिकलो होतो. मावसभावाच्या दारात उभ्या दोन गाड्या आणि त्यांचे हप्ते बघून कळलं. त्याला तारलं ते त्याच्या भावाच्या दोन एकर केळीने. म्हणून मला गोव्याचा हेवा वाटत नाही. पर्यटन हे आंतरपीक म्हणून उत्तम. मुख्य पीक काढून तेच लावलं की एका वर्षाच्या रोगात सगळं साफ.

आमच्याकडे जुनं पर्यटन होतंच की. सारंगखेड्याची यात्रा घ्या (आता नंदुरबार जिल्हा, १९९८ पर्यंत धुळ्याचा). दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो. घोडेवाला येतो, मुक्कामाला राहतो, चारा गावातून घेतो, नाल गावात ठोकतो, भाकरी गावातली खातो. पैसा फिरतो तो तिथेच फिरतो. नंतर सरकारने त्याचा चेतक फेस्टिव्हल केला, आलिशान तंबू उभे केले. तंबूवाला आला बाहेरून. मला विचाराल तर रुपयाला रुपया यात्रा जास्त देते.

धुळ्याची तर आणखी गंमत. मुंबई-आग्रा रस्ता तिथून, सुरतेचा तिथून, सोलापूरचाही तिथूनच. सगळा देश धुळ्यावरून जातो आणि कुणी थांबत नाही! १९२६ च्या शेवटच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे याच गावात गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. आणि आपण काय करतो? बायपासवर शेवभाजी खातो, पुढे निघतो. आणि भुसावळ? अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात उमर घालवलेला रॉबर्ट गिल १८७९ मध्ये तिथे वारला, तिथेच पुरला. अजिंठ्याला जाणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगतं?

आता जालना-जळगाव रेल्वेमार्ग मंजूर झालाय, ऑगस्ट २०२४ मध्ये. १७४ किलोमीटर, सुमारे ७ हजार कोटी, अजिंठ्यावरून. गावात पेढे वाटले. मावसभावाने नाही वाटले. लेण्यांजवळ स्टेशन झालं की जळगावला उतरायचं कारणच संपतं, हे त्याला माझ्याआधी कळलं. रेल्वे हवीच, त्यात वाद नाही. शेतमालाला हवी, शिकणाऱ्या पोरांना हवी. पण ती होईपर्यंत जळगावने आपल्याकडे एक रात्र राहण्याचं कारण तयार केलं नाही, तर आहे तो चहासुद्धा जाईल. कारणं आहेत हो: जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ आहे, पाटणादेवी आहे, पद्मालय आहे. नाही ती रात्री नऊनंतर स्टेशनावर एक धड माहिती देणारी खिडकी. त्याला जपानचं कर्ज लागत नाही.

तोवर तुम्ही एक करा. डिसेंबर-जानेवारीत या, तेव्हा भरताची वांगी असतात. गाडी स्टेशनावरच ठरवा, परत जळगावलाच मुक्कामाला या, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खा. फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात.