गळती नाकातली, गफलत निदानातली

करोनाची साथ भरात असताना, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेल्या रुग्णाच्या हकिकतीने जगभर खळबळ उडवली. चाळिशीतील एका महिलेची हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी नाकातून स्वॅब घेऊन करोना चाचणी करण्यात आली. त्यानंतर तिच्या एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी गळू लागले. डोकेदुखी, उलट्या आणि मान आखडणे ही लक्षणेही दिसू लागली. तपासणीअंती ते पाणी सर्दीचे नसून मेंदूभोवतालचे असल्याचे निष्पन्न झाले. स्वॅबची काडी थेट मेंदूत शिरते, असा या बातमीचा अर्थ अनेकांनी लावला आणि चाचणीविषयीच्या भीतीत भर पडली.

मूळ अहवाल मात्र वेगळेच सांगत होता. या महिलेच्या कवटीच्या तळाला आधीपासूनच छिद्र होते आणि त्यातून मेंदूच्या आवरणाची पिशवी नाकात उतरली होती. २०१७ मध्ये काढलेल्या सीटी स्कॅनमध्येही ती दिसत होती. परंतु त्या वेळी तिची गणना सायनसच्या विकारात झाली. स्वॅबच्या काडीने या पिशवीला इजा झाली, एवढेच. शेवटी नाकातूनच दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून हे छिद्र बुजवण्यात आले. उपचार हाताशी होता, निदान तीन वर्षे हुकले होते. या विकाराची आजची स्थिती या एका उदाहरणात पुरेपूर उतरली आहे.

धोका पाण्याचा नव्हे, जंतूंचा

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती मस्तिष्कमेरू द्रव असतो. डॉक्टरांच्या भाषेत तो ‘सीएसएफ’. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात मात्र सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. त्यामुळे थोडे पाणी वाहून गेले, तर ते भरून निघते. खरा धोका उलट दिशेने येतो. नाकाचे छत म्हणजे चाळणीसारखे एक पातळ हाड असून, त्यातून गंधाच्या नसा मेंदूकडे जातात. हे हाड आणि त्यावरील आवरण फाटले की ज्या वाटेने पाणी खाली येते, त्याच वाटेने नाकातील जंतू वर जाऊ शकतात. त्यातून होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह प्राणघातक ठरू शकतो.

अशी गळती बहुधा तीन कारणांनी होते. डोक्याला मार लागणे हे पहिले, सायनस किंवा पीयूष ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत झालेली इजा हे दुसरे. तिसऱ्या प्रकारात बाह्य कारण काहीच दिसत नाही. कवटीतील दाब दीर्घकाळ वाढलेला राहून हाड झिजते आणि छिद्र पडते. हा प्रकार मध्यमवयीन, स्थूल स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. लठ्ठपणा वाढत चाललेल्या शहरी समाजाने याची दखल घेतलेली बरी. भारतापुरते बोलायचे, तर पहिल्या कारणाचा विसर पडून चालणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. हेल्मेटची सक्ती ही केवळ दंडवसुली नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

कवटीकडून नाकाकडे

या गळतीवरील शस्त्रक्रियेचा इतिहास जवळपास १०० वर्षांचा आहे. अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२६ मध्ये कवटी उघडून अशी गळती बंद केल्याची नोंद केली. या मार्गात मेंदूचा पुढचा भाग बाजूला सारावा लागे आणि अनेक रुग्णांचे गंधज्ञान कायमचे जाई. १९४८ मध्ये स्वीडनच्या गॉस्टा डोहलमान यांनी चेहऱ्यावर छेद घेऊन कवटी न उघडता दुरुस्ती केली. जर्मनीतील माल्टे विगांड यांनी १९८१ मध्ये दुर्बिणीच्या साह्याने नाकातून हेच काम केल्याचे नोंदवले आणि या शस्त्रक्रियेची दिशाच बदलली.

आज शल्यचिकित्सक नाकपुडीतून दुर्बीण घालून छिद्र शोधतात, त्याच्या कडा साफ करतात आणि मांडीतील स्नायूवरचा पडदा, चरबी किंवा नाकातीलच अस्तराचा तुकडा थरांनी बसवतात. मोठ्या छिद्रांसाठी नाकाच्या पडद्याचे अस्तर रक्तवाहिनीसकट फिरवून लावण्याची पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांचे नाव मिळाले. बाहेर टाका नाही, चेहऱ्यावर व्रण नाही आणि पहिल्याच प्रयत्नात यश येण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास. अपघातानंतरची बहुतांश गळती तर डोके उंच ठेवून विश्रांती घेतल्यास आठवडा-दहा दिवसांत आपोआप थांबते. मात्र कवटीतील दाबामुळे झालेल्या गळतीत केवळ छिद्र बुजवून भागत नाही. वजन आणि दाब आटोक्यात न आल्यास दुसरीकडून गळती सुरू होऊ शकते.

घोडे अडते कोठे?

शस्त्रक्रिया इतकी पुढे गेली असताना रुग्ण तिच्यापर्यंत उशिरा पोहोचतो, हे या विकाराचे दुखणे होय. नाकातून पाणी येते म्हणजे सर्दी किंवा ॲलर्जी, हे समीकरण रुग्णाच्या मनात पक्के असते आणि गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरही त्यालाच दुजोरा देतात. गोळ्या बदलत राहतात, महिने उलटतात. वास्तविक खुणा स्पष्ट असतात. पाणी बहुधा एकाच नाकपुडीतून येते, वाकल्यावर त्याची धार वाढते, तोंडात खारट चव येते आणि रुमालावर वाळल्यावर तो शेंबडासारखा कडक होत नाही. वारंवार मेंदूच्या आवरणाचा दाह होणे ही तर धोक्याची घंटाच.

निश्चित निदानासाठी ‘बीटा-२ ट्रान्सफेरिन’ या प्रथिनाची चाचणी आहे. हे प्रथिन मस्तिष्कमेरू द्रवात असते, नाकातील स्रावात नसते. ती प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही. परंतु नमुना थोडासाच लागतो आणि तो मोठ्या शहरात पाठवता येतो. त्यानंतर बारकाईने काढलेला सीटी स्कॅन छिद्राची जागा दाखवतो. शस्त्रक्रियेची साधने आणि कुशल हात आज प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत एकवटले आहेत. ही सोय तालुक्यापर्यंत नेणे खर्चिक आहे. रुग्णाला वेळेवर तेथून पुढे पाठवणे मात्र फारसे खर्चिक नाही.

त्यासाठी पहिल्या भेटीतच पाणी एका नाकपुडीतून येते की दोन्ही, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला घरी सोडताना, नाकातून किंवा कानातून पाणी आल्यास तातडीने परत या, अशी लेखी सूचना दिली गेली पाहिजे. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतरही हीच दक्षता हवी. आयोवातील त्या महिलेच्या स्कॅनमध्ये उत्तर तीन वर्षे आधीच उमटले होते. ते वाचण्याची दृष्टी पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हेच यापुढचे काम आहे.