पानगळीचा रविवार

माघ सरत आला, की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक पानगळ आणि दुसरे शनिवार-रविवारचे बेत! थंडी ओसरलेली, ऊन अजून तापलेलं नाही, मुलांच्या परीक्षांना थोडा अवकाश. मग ‘या वीकेंडला कुठे?’ हा प्रश्न जिन्यात, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच ताम्हिणीला गेलो होतो. ‘काय शुद्ध हवा आहे नाही!’ असं म्हणत दोन दिवस फिरलो. वाळक्या पानांवरून चालतानाचा चुर्र चुर्र आवाज लेकीनं मोबाइलवर रेकॉर्डही केला. सोमवारी सकाळी पुण्यातल्या घरी दूध तापवत होते, तर खिडकीतून भसकन धूर आत आला. खाली बदामाच्या आणि पिंपळाच्या पानांचा ढीग पेटवलेला. मी तावातावाने खाली उतरले.

“मावशी, किती वेळा सांगायचं, पानं जाळू नका म्हणून?”

झाडलोट करणाऱ्या मावशी पदर नाकाला लावून काठीनं ढीग उसकत होत्या. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाल्या, “मग नेऊ कुठं ताई? घंटागाडीवाला पानं घेत नाही. वॉचमन म्हणतो, गेटपाशी ठेवू नका. आणि मागल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात न्हवं, पानं किती साचलीत, जरा बघा की!”

म्हणाले होते खरं. काय उत्तर देणार? मुकाट्यानं वर आले. चहा काही गोड लागला नाही.

मैत्रिणींनो, तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. आपल्याला अंगण ‘चकाचक’ हवं असतं, पण त्या चकाचकपणाची किंमत कुणाच्या छातीत साठते, हे आपण विचारत नाही. धूर आपल्या खिडकीत आला की आपण खिडकी लावतो. त्या बाईला खिडकीच नसते. पहाटे दव पडलेलं असतं, पानं ओलसर असतात. ती धड पेटत नाहीत, धुमसत राहतात. सकाळची गार हवा जड, त्यामुळे धूर वर जायचं नाव घेत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोल शिरणारे सूक्ष्म कण आधी तिच्या वाट्याला, मग शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या आणि फिरायला निघालेल्या आजोबांच्या.

कायदा नाही असंही नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये दंड सांगितला. पण समजा उद्या कुणी दंडाची पावती फाडायला आलंच, तर ती कुणाच्या हातात पडेल? काडी ओढणाऱ्या मावशींच्या, की ‘जरा बघा की’ म्हणणाऱ्या माझ्या?

हे सगळं घरी बोलून दाखवलं, तेव्हा सासूबाई हसल्या. त्या कोकणातल्या. म्हणाल्या, “तुम्ही शहरवाले पानांना कचरा म्हणता, तिथेच चुकतं. आमच्याकडे त्याला पातेरा म्हणतात. पातेरा टोपल्या भरभरून आणायचा, गोठ्यात गुरांखाली घालायचा, कलमांच्या बुंध्याशी पसरायचा. उगाच जाळतंय कोण?” शेजारच्या काकांनी लगेच मुद्दा काढला, “अहो, पण कोकणात राब भाजतातच की!” भाजतात ना. पण तिथे भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करायची असते. आपल्या पार्किंगमध्ये कुठलं भात लावायचंय?

मग ठरवलं, एक रविवार कुठेही जायचं नाही. पानांचाच बेत! न्यू जर्सीला राहणाऱ्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “वहिनी, आमचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वीकेंड त्यातच जातात. दाताळ्यानं पानं ओढायची आणि पिशव्या भरायच्या. इथे मावशी नाहीत ना!” हे शेवटचं वाक्य मला चांगलंच टोचलं.

त्या रविवारी आम्ही सात-आठ बायका आणि बरीचशी पोरं जमलो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आणली. तिचे तीन-साडेतीन फूट उंचीचे दोन गोल पिंजरे केले आणि कोपऱ्यात सावलीला, गाड्यांपासून आणि विजेच्या खांबापासून लांब ठेवले. पानांचा एक थर, त्यावर शेणाचं पाणी नाहीतर आंबट ताक, की पुन्हा पानांचा थर. मुलांना आत उतरून पानं तुडवायला सांगितली. त्यांच्यासाठी ती सहलच झाली! पुढे आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायचं, एवढंच काम.

शंका अर्थातच निघाल्या. डास होतील. डास साचलेल्या पाण्यात होतात, ओलसर पानांत नाही. वास येईल. वाळक्या पानांना वास येत नाही. त्यात उरलंसुरलं अन्न टाकलं तर येतो आणि उंदीरही येतात, म्हणून ते टाकायचं नाही. ढीग फार वाढेल. उलट झालं, भरलेला पिंजरा महिनाभरात निम्म्यावर बसला. दसऱ्याच्या सुमाराला उघडला, तर तळाला काळंभोर, भुसभुशीत खत! पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. कुंड्यांना ते पुरून उरलं. कुंडीत नुसती वाळकी पानं पसरली तरी ओल टिकते, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं, हाही फायदा.

सगळीच पानं जिरली असं नाही. उरलेली पोत्यात भरून गच्चीवर बाग करणाऱ्या एका ताईंना दिली. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा उपक्रम अशीच पानं देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ घालून देतो.

एका गोष्टीवरून मात्र मीटिंगमध्ये चांगलाच वाद झाला. पाणी शिंपडायचं आणि पानं भरायचं काम मावशींच्याच गळ्यात घालावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, “काम वाढलं तर पैसेही वाढवा.” कुरकुर झाली, पण दरमहा घरटी वीस रुपये जास्त द्यायचे ठरले. वीस रुपये! महाबळेश्वरच्या एका स्ट्रॉबेरी क्रीमच्या पेल्यात किती महिने निघतील, याचा हिशेब तुम्हीच करा. पर्यावरणाचं पुण्य आपल्या नावावर आणि घाम तिच्या, असं होत असेल तर धूर गेला म्हणून काय मोठंसं साधलं?

यंदाही पानगळ सुरू झाली आहे. परवा मावशी पिंजऱ्यात पानं भरताना म्हणाल्या, “ताई, खोकला हाय अजून. पण सकाळचं डोळं चुरचुरत न्हाईत आता.” इतक्या वर्षांचा धूर दोन पानगळींत कसा निघणार?

तेव्हा सहलीला जरूर जा, चार घटका मोकळा श्वास घ्या. पण निघण्यापूर्वी खाली डोकावून आपल्या झाडाची पानं कुठे जातात, तेवढं बघा. आणि ‘मावशी, पानं किती साचलीत’ असं तोंडावर आलंच, तर पुढे एवढं जोडा, “थांबा, मी पण येते.”